नात्याचा रकाना



आमच्या अमरावतीत जुनं काही लिहायचं म्हटलं की विषय ठरलेले. दादासाहेब खापर्डे, अंबादेवी, गाडगेबाबा, शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, नाहीतर सुरेश भट. यातल्या बहुतेकांवर माझं लिहून झालं आहे. शाळेत इतिहास आणि मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे राजापेठेत भाजी घेताना कुणी भेटलं तरी "बाई, पुढचं कशावर?" असं विचारतं. आजचा विषय या यादीतला नाही. एकमेकींवर जीव जडलेल्या, एकत्र राहू पाहणाऱ्या बायकांचा हा विषय आहे. इंग्रजीत त्यांना लेस्बियन म्हणतात, वर्तमानपत्रात समलिंगी लिहितात, आणि आमच्या वऱ्हाडात त्यांना काहीच म्हणत नाहीत.

कारण सांगते. आमच्या घरात अशी एक मुलगी आहे. माझ्या भावाची नात. तिने हे घरात सांगितल्यापासून नातलगांमध्ये बरीच कुजबुज झाली. ती सारी इथे मांडत नाही. पण त्यातलं एक वाक्य मात्र पुन्हा पुन्हा ऐकलं, आणि ते मला सोडवेना. "आपल्या वेळी असं काही नोतं बापा. हे मोबाइलनं आणलं." इतिहासाच्या शिक्षिकेसमोर "आपल्या वेळी नव्हतं" असं म्हटलं की तिला सन आणि साल काढून बसावंच लागतं. तर बसू या.

नोव्हेंबर १९२७ मध्ये अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर होता, आणि त्यासाठीच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमरावतीत आले होते. हे इथल्या पुष्कळांना माहीत आहे. त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक सुरू केलं. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून त्यांना नोकरीवर पाणी सोडावं लागलं होतं. मासिकात वाचक आपले खाजगी प्रश्न विचारत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. अशाच काही उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांमध्ये समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं ते बाबासाहेबांनी. वाचक विचारतात तर संपादकाने उत्तर का देऊ नये, हा त्यांचा मुद्दा होता. खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

दंडाची रक्कम विसरलात तरी चालेल. लक्षात ठेवायचं ते हे, की प्रश्न वाचकांनी विचारला होता. १९३० च्या दशकात, कंदिलाच्या उजेडात पत्र लिहून कुणीतरी हे विचारत होतं. तेव्हा मोबाइल तर सोडाच, बहुतेक घरांत वीजही नव्हती.

आता यात बायका कुठे आहेत, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. पत्र लिहायला शिक्षण लागतं, आणि तिकिटाला स्वतःचे चार पैसे लागतात. बायकांकडे दोन्ही उशिरा आलं. शिवाय आपल्याकडे बाईला संसाराबाहेर राहायच्या जागाच मोजक्या. आमच्याच जिल्ह्यातलं रिद्धपूर घ्या. सातशे वर्षांपूर्वी महदंबेसारखी विधवा बाई तिथे महानुभाव पंथात राहिली, तिनं धवळे रचले, तिला मान मिळाला. पण तो मान संन्यासाच्या वाटेनं आला. पुढे नर्स आणि मास्तरीण अशा आणखी दोन वाटा झाल्या. लग्न न करता इज्जतीनं राहायचं असेल तर बाईला या दोन-तीन दारांतूनच जावं लागे. दोन बायका एका घरात राहिल्या तर लोक त्यांना "जोडीच्या बाया" म्हणत आणि पुढे काही विचारत नसत. न विचारणं हीच तेव्हाची सोय होती.

या न विचारण्याला पहिला मोठा धक्का दिला तो विजय तेंडुलकरांनी. 'मित्रा' नावाच्या आपल्याच कथेवरून त्यांनी 'मित्राची गोष्ट' हे नाटक लिहिलं, आणि ते १९८१ साली रंगभूमीवर आलं. मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडींनी केली होती. पुढच्याच वर्षी पडद्यावर त्या कस्तुरबा झाल्या, म्हणून तुम्हाला त्या पटकन आठवतील. नाटकातला काळ स्वातंत्र्याच्या आधीचा, जागा पुण्याचं कॉलेज. कॉलेजच्या नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते आणि नायिका झालेल्या नमावर तिचा जीव जडतो. आपल्याला पुरुषांबद्दल ओढ वाटत नाही हे तिला कळून चुकलेलं असतं. हे सारं ती बापू नावाच्या मित्राजवळ बोलते, आणि तोच आपल्याला ती गोष्ट सांगतो.

मी शाळेच्या स्नेहसंमेलनात शेकडो मुलींना काजळाच्या मिशा काढल्या आहेत. कुणी तानाजी, कुणी बाजीप्रभू. पालक समोर बसून टाळ्या वाजवत. कुणाची काही हरकत नसे, कारण पडदा पडला की मिशी ओल्या रुमालानं पुसली जायची. मित्राच्या बाबतीत पडदा पडल्यावरही तिच्या मनातलं पुसलं जात नाही, एवढाच फरक. आणि तेवढ्यासाठी नाटकात तिचा शेवट आत्महत्येत होतो. तेंडुलकर निर्दय होते असं मला वाटत नाही. त्या काळच्या पुण्यात मित्राला दोन खोल्या भाड्यानं कुणी दिल्या असत्या, याचं उत्तर त्यांनाही सापडलं नसावं.

त्यानंतर १९८२ चा 'उंबरठा'. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून जब्बार पटेलांनी काढलेला. त्यात स्मिता पाटील महिलाश्रमाची अधीक्षक आहे. आपण अमरावतीकर तो बघायला गेलो ते बरंचसं सुरेश भटांच्या गझलेसाठी. आपल्या गावच्या माणसाचे शब्द लताबाईंच्या गळ्यातून ऐकायचे होते ना! पण त्याच सिनेमात आश्रमातल्या दोघींचं एकमेकींवरचं प्रेम उघडकीला येतं आणि गहजब होतो. सुलभा ही नायिका इतकी पुढारलेली, पण तिलाही तो मानसोपचाराचा विषय वाटतो. त्या काळी भली माणसंही तसाच विचार करत. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १९९० साली. आपल्याला गझल लक्षात राहिली, त्या दोघी विसरल्या गेल्या. पुन्हा कधी पाहिलात तर बघा.

आता नाटक-सिनेमा बाजूला ठेवून पाहिलेलं सांगते. मी पूर्वी एका तालुक्याच्या गावी नोकरीला होते. तिथे दोन शिक्षिका एकत्र राहत. एक चित्रकलेच्या, दुसऱ्या विज्ञानाच्या. गावात त्यांना थोरल्या बाई आणि धाकट्या बाई म्हणत. दोन खोल्या, मागे तुळस आणि कढीपत्ता, एक सायकल. संक्रांतीला दोघींचं मिळून एकच हळदीकुंकू. जवळजवळ तीस वर्षं त्या तशा राहिल्या. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांना ठाऊक. मी आज त्यांच्यावर कुठलंही नाव चिकटवणार नाही. गावानं त्यांना कधी त्रास दिला नाही, हेही खरं.

थोरल्या बाई गेल्या तेव्हा मात्र कागद आले. कागद विचारतो, "मयताशी नाते?" निवृत्तिवेतनाच्या नियमांत कुटुंब म्हणजे पती, पत्नी, मुलं, आईवडील वगैरे. तीस वर्षं एका चुलीवर जेवलेली मैत्रीण त्यात बसत नाही. फंडावर पुतण्यांचा हक्क निघाला. ते वाईट नव्हते, पण भांडी मोजून घेऊन गेले. धाकट्या बाईंनी अर्जातल्या त्या रकान्यात "मैत्रीण" असं लिहिलं होतं. कारकुनानं तो कागद परत केला. त्यालाही दोष देत नाही, त्याच्याकडे त्या शब्दाचा खाना नव्हता. त्या दिवशी मला जे समजलं ते इतकंच, की गाव "चालवून घेतं" आणि गाव "मानतं" यात फरक असतो. चालवून घेतलेलं नातं माणूस जिवंत असेपर्यंतच चालतं.

तेव्हापासून या विषयावरच्या बातम्यांत मी एकच गोष्ट शोधते. या दोघींना तो रकाना भरता येतो का?

१९८८ च्या सुरुवातीला भोपाळहून एक बातमी आली. भोपाळ आपल्याला परकं नाही. १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशातच होता, कित्येकांचे मामा-काका तिकडेच राहिले. तर तिथल्या सशस्त्र पोलीस दलातल्या लीला आणि ऊर्मिला या दोन महिला शिपायांनी एकमेकींशी गांधर्व पद्धतीनं लग्न केलं होतं. बातमी देशभर झाली आणि दोघींची नोकरी गेली. नीट बघा, या इंग्रजी शाळेत शिकलेल्या, परदेशी पुस्तकं वाचणाऱ्या बायका नव्हत्या. साध्या घरच्या, परेड करणाऱ्या बायका. त्यांनी कुठल्या चळवळीचं नाव घेतलं नाही. आपल्याला ठाऊक असलेला शब्द घेतला, लग्न! मला वाटतं सरकारी खात्याला तोच शब्द झेपला नाही.

त्यानंतर अशा बायका एकमेकींना शोधू लागल्या. दिल्लीत १९९१ साली 'सखी' नावाचा गट झाला, मुंबईत १९९५ साली 'स्त्री संगम'. पुढे याच गटाचं नाव 'लाबिया' झालं. आजच्या मुली मोबाइलवर एकमेकींना भेटतात म्हणून आपण नाकं मुरडतो. पण आधी काय होतं? पोस्टाच्या पेटीचा नंबर. कुठल्यातरी गावातून एखादी बाई भीत भीत पत्र टाकायची, आणि उत्तर घरच्या पत्त्यावर येऊ नये म्हणून मैत्रिणीचा पत्ता द्यायची. आपल्या मुलामुलींसाठी आपण वधूवर मेळावे घेतो, सूचक केंद्रात नाव नोंदवतो, मावश्या-आत्यांना कामाला लावतो. अख्खं गाव त्यांच्या जोड्या जुळवायला मदत करतं. या मुलींसाठी कुणी मावशी स्थळ आणत नाही. त्यांनी मोबाइलवर शोधलं तर त्यात बिघडलं काय?

मग आला दीपा मेहतांचा 'फायर'. १९९६ साली तयार झालेला, आपल्याकडे लागला तो १९९८ च्या नोव्हेंबरात. शबाना आझमी आणि नंदिता दास. एकाच घरातल्या दोन जावा, नवऱ्यांकडून उपेक्षित, एकमेकींच्या जवळ येतात. २ डिसेंबर १९९८ रोजी मुंबईत शिवसेनेच्या महिला आघाडीनं चित्रपटगृहांवर हल्ला केला, काचा फुटल्या, खेळ बंद पडले. दुसऱ्या दिवशी दिल्लीत तेच झालं. सिनेमा पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि १९९९ च्या सुरुवातीला काटछाट न होता परत आला. पण त्या धांदलीत एक वेगळी गोष्ट घडली. ७ डिसेंबरला दिल्लीच्या रीगल चित्रपटगृहासमोर लोक मेणबत्त्या घेऊन जमले, आणि त्यांत काही बायकांच्या हातात फलक होते. आम्ही भारतीय आहोत आणि लेस्बियनही आहोत, असं त्यावर होतं. असल्या बायका आपल्या देशात नसतातच, या म्हणण्याला ते उत्तर होतं. तोपर्यंत आपल्याकडे या विषयावर बोलत होते ते नाटककार, दिग्दर्शक, वकील. आता त्या स्वतःच बोलू लागल्या.

कायद्याचं थोडक्यात सांगते, नाहीतर तास लांबेल. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत ३७७ वं कलम घातलं. ते लिहिलं गेलं पुरुषांना डोळ्यांसमोर ठेवून. बायकांचं प्रेम त्या कायद्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण धमकी द्यायला ते पुरे पडायचं. दिल्ली उच्च न्यायालयानं २ जुलै २००९ ला ते सज्ञान व्यक्तींच्या खाजगी संबंधांपुरतं रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयानं ११ डिसेंबर २०१३ ला पुन्हा उभं केलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी ते अशा संबंधांपुरतं कायमचं काढलं.

मात्र मुलींची अडचण ३७७ नव्हतीच. त्यांची अडचण घर. मुलगी मैत्रिणीबरोबर निघून गेली की आईवडील पोलिसांत जातात, हरवल्याची नाहीतर पळवून नेल्याची तक्रार देतात, आणि पोलीस सज्ञान मुलीलाही शोधून घरी आणून सोडतात. असंच एक प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. मदुराईच्या दोन मुली चेन्नईला पळून आल्या होत्या. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी काय केलं? हा विषय मला नीट समजत नाही म्हणाले, आणि स्वतः मानसतज्ज्ञाकडे जाऊन बसले, समजून घेतलं. मगच ७ जून २०२१ ला निकाल दिला. पोलिसांनी अशा जोडप्यांना त्रास देऊ नये, "बरं करण्याच्या" नावाखाली उपचार करू नयेत, असं त्यात होतं. मी शिक्षिका आहे, मला निकालापेक्षा त्यांची ती शिकवणी जास्त आवडली. भर कोर्टात बसलेला माणूस शिकायला जातो, तर आपल्याला ओसरीवर बसून काय कमी पडतं?

आता अगदी जवळचं. २०२१ च्या डिसेंबर अखेरीस आपल्या नागपुरात दोन तरुण डॉक्टर मुलींनी नातलग आणि मित्रमंडळींसमोर एकमेकींना अंगठी घातली. त्यांनी स्वतःच वार्ताहरांना सांगितलं. एकीच्या वडिलांना २०१३ पासून ठाऊक होतं. आईला कळलं तेव्हा धक्का बसला, पण मुलगी सुखी असावी म्हणून तीही सावरली. दुसरीच्या घरून विरोध झालाच नाही. पुणं नाही, मुंबई नाही, नागपूर! संत्र्याच्या ट्रकबरोबर सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचतो आपण. मी त्या बातमीचं कात्रण ठेवलं आहे. 'मित्राची गोष्ट' येऊन तेव्हा ४० वर्षं झाली होती.

मग रकान्याचं काय झालं? १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशा जोडप्यांना लग्नाचा मूलभूत हक्क नाही, तो कायदा करायचा तर संसदेनं करावा. फेरविचाराच्या याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. म्हणजे लग्न नाही. पण मधल्या काळात दोन छोट्या गोष्टी घडल्या, त्यांची बातमी आतल्या पानावर आली. २०२४ साली केंद्र सरकारनं राज्यांना कळवलं की रेशनकार्डासाठी असे जोडीदार एकाच घरातले समजावेत. आणि २८ ऑगस्ट २०२४ ला अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की त्यांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नामनिर्देशित करायला कसलीच आडकाठी नाही.

तुम्ही म्हणाल, रेशनकार्ड आणि बँकेचं खातं, हा काय इतिहास झाला! मंडळी, हाच इतिहास आहे. एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांना सरकार "एक घर" म्हणतं ते रेशनकार्डावर. कुटुंबनिवृत्तिवेतनात ती मैत्रीण अजूनही नाही. पण निदान बँकेतल्या पैशांसाठी तरी धाकट्या बाईंचा कागद आज परत आला नसता. थोरल्या बाईंनी हयातीत एक सही केली असती की काम झालं असतं. लढाया आणि तह मी पुष्कळ शिकवले, पण एका साध्या सहीनं एखाद्या म्हाताऱ्या बाईची उरलेली वर्षं सुखात जातात, हे काही लहान काम नाही.

आता घरच्यांना उद्देशून, कारण तुम्ही सारे वाचता हे मला ठाऊक आहे. आमची मुलगी चार वर्षांपासून पुण्यात तिच्या जोडीदारणीबरोबर राहते. दोघी कमावतात, घराचं भाडं निम्मंनिम्मं देतात, एकीला पोळ्या जमत नाहीत, दुसरीला उशिरा उठायची सवय आहे. बाकी तुमच्या-माझ्या संसारात असतं तेच. लिहायच्या आधी मी तिला विचारलं. "आत्याआजी, लिही, पण माझं नाव नको आणि रडकं नको लिहूस," इतकंच म्हणाली. तिच्या आईनं मला विचारलं होतं, "आत्या, लोकांना काय सांगायचं?" मला वाटतं फार सांगायची गरजच नाही. थोरामोठ्यांची भाषणं लागत नाहीत. कोर्टानं दिलं नाही ते आपण पत्रिकेवर देऊ शकतो. येत्या माघात घरात लग्न आहे. पत्रिका जाईल तेव्हा पाकिटावर दोघींची नावं लिहा. "आणि मैत्रीण" असं नाही, पूर्ण नाव. आहेर द्याल तेव्हा दोन साड्या काढा. पंगतीत कुणी "ही कोण?" असं विचारलं तर घसा न खाकरता सांगा, आमच्या पोरीची जोडीदारीण.

ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी माझं भांडण नाही. वय झालं की मन वळायला वेळ लागतो, गुडघ्यासारखंच. पण "आपल्या वेळी नव्हतं" एवढं मात्र यापुढे म्हणू नका. होतं. पत्रात होतं, रंगमंचावर होतं, पोलीस लाइनीत होतं, आणि तुळस लावलेल्या दोन खोल्यांमध्येही बहुधा होतं. आपण फक्त कुणाला विचारत नव्हतो.

असो. लांबलं जरा. पुढच्या वेळी अंबागेटाच्या जुन्या परकोटावर लिहीन म्हणते, गुडघे साथ देतील तर एक चक्कर मारून येते आधी.